खिळ्यावरची

पुलाच्या तोंडाशी उभं राहून काडी नावाच्या पोराने घराची किल्ली उंच धरली आणि सायकलवरून येणाऱ्या माणसाला विचारलं, "हे काय?"

"किल्ली," माणूस म्हणाला. बाकड्यावरच्या पोरांनी पाय आखडून त्याला वाट दिली.

कालव्याच्या अलीकडे किल्ली म्हणतात, पलीकडे चावी. वस्तू तीच, दारंही तशीच. पण गेल्या आठवड्यात दोन काठांच्या मॅचमध्ये बाचाबाची झाली, अलीकडच्या कप्तानाच्या डोक्याला चार टाके पडले, आणि तेव्हापासून चावी म्हणणाऱ्याला अलीकडे पाऊल टाकायची बंदी झाली. काल एकाची सायकल कालव्यात गेली. काडी एकोणीस वर्षांचा, अंगावर मांस नावालाच. मॅचमध्ये कायम बारावा. किल्ली धरायचं काम मिळाल्यापासून मात्र पोरं चहाचा पहिला कप त्याला देत होती, आणि त्याला ते फार आवडत होतं.

चार वाजता पलीकडच्या हॉस्पिटलची पाळी सुटली. येणाऱ्यांत त्याची आई होती. ती तिथे दिवसभर चादरींना इस्त्री करायची. तिला पाहून काडीने हात खाली घेतला.

"काकूंना नाही विचारायचं होय?" कप्तान हसत म्हणाला. "नियम म्हणजे नियम. हे काय, काकू?"

पोरं खिदळली. आई थांबली.

"ही होय? दाराची आहे," ती म्हणाली. "हा ती घेऊन इथे उभा, आणि मी घरात शिरू कुठून? खिडकीतून?"

सगळे हसले. काडीही हसला, आणि हसता हसता थांबला.

दाराची. खिळ्यावरची. 'खिळ्यावरची घेतलीस का रे?' 'शेजारी ठेवलीय, मागून घे.' जन्मापासून तो हेच ऐकत आला होता. 'म्हण, किल्ली' असं त्याला बाबांनी शिकवलं होतं. आईच्या तोंडून तो शब्द एकदाही ऐकल्याचं त्याला आठवेना. तिचं माहेर लांब आहे, तिथे आता कुणी नाही, एवढंच घरात सांगितलं जायचं. किती लांब, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. आईच्या पाठीमागे जेमतेम साठ पावलांचा पूल होता.

"तसं नाही हं, काकू. नाव सांगा," कप्तान म्हणाला. आता तो तेवढा हसत नव्हता.

आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एक शब्द तर होता. वीस वर्षं ऐकलेला. म्हटला असता तर सुटली असती. पण तिने ओठ घट्ट मिटले होते, आणि ती कप्तानाकडे नाही, मुलाकडे बघत होती.

"म्हणाली की ती किल्ली," काडी म्हणाला. "कान फुटलेत का तुझे?"

"मी नाही ऐकलं."

"मी ऐकलं."

त्याने किल्ली खिशात टाकली आणि आईच्या हातातली पिशवी घेतली. बाकड्यावर त्याचा अर्धा कप चहा तसाच राहिला.

"उद्या येणार ना रे?" मागून कुणीतरी ओरडलं. त्याने वळून पाहिलं नाही.

वाटेत आई भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्तच. तो हं हं करत चालला. दाराशी आल्यावर तिने रोजच्यासारखा हात पुढे केला.

"दे ती."

काडीने गल्लीत इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. असतं तरी चाललं असतं, असं वाटून त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"घे आई," तो म्हणाला. "चावी."

तिने दार उघडलं नाही. तळहातावरच्या त्या लहानशा वस्तूवर मूठ मिटून ती उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

"परत म्हण," ती म्हणाली.