तोलताना थांबणारा पंखा

मित्रांनो, मी एक जुना टेबल फॅन आहे. माझा रंग निळा होता. आता जिथे जिथे लोकांचे हात लागले, तिथे तिथे नुसता पत्रा दिसतो. माझं सारं आयुष्य एका सराफाच्या दुकानात गेलं आणि तिथे मी एकच गोष्ट शिकलो, चटकन कोणावर विश्वास ठेवायचा नाही. तुम्ही आत्ता माझी कहाणी ऐकायला बसलात, तेव्हाही माझ्या मनात आलंच, की यांना माझ्याकडून नक्की काय हवं असेल?

कारखान्यात माझी मान सगळ्यात शेवटी बसवली. स्क्रू पिळणाऱ्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा बघा, जन्मला नाही तोच नाही-नाही म्हणतोय." तेव्हापासून मी डावीकडून उजवीकडे मान फिरवत सगळ्या जगाला नकार देत आलो आहे.

आमच्या दुकानात लोक जुनं, नको झालेलं सोनं विकायला येत. तुटलेली साखळी, एकच उरलेलं कानातलं, कोणाला तरी कोणीतरी दिलेली आणि आता बघवत नसलेली अंगठी. सराफाला सगळे काका म्हणत. गिऱ्हाईक आत आलं, की काका मला त्याच्याकडे वळवत, पाणी देत, घाम सुकू देत. पण सोनं काट्यावर ठेवायची वेळ आली, की त्यांचं बोट माझ्या बटणावर पडे. टक. मी बंद. माझी पाती पूर्ण थांबेपर्यंत ते गप्प बसत, मग काट्यावर शून्य आलेलं गिऱ्हाइकाला दाखवत आणि मगच दागिना ठेवत.

खरं सांगतो, मला याचा फार राग येई. ऐन रंगात आलेल्या माणसाला "पुरे" म्हणावं, तसं वाटे. लोकही कुरकुरत, "काका, राहू द्या की चालू, जीव जातोय उकाड्यानं."

"तुमचा जीव नाही जायचा," काका म्हणत, "पण वाऱ्यानं काटा हलला तर माझा शब्द जाईल."

मला वाटे, म्हातारा विजेचं बिल वाचवतोय. म्हटलं ना, माझा स्वभावच तसा.

मग काकांचे गुडघे गेले. दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट पडली आणि गल्ल्यावर त्यांचे जावई येऊन बसले. गोरेगोमटे, गोड बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी जाळी काढून धुतली, पाती पुसली, मोटरमध्ये तेल घातलं. इतक्या वर्षांत इतकी माया मला कोणी लावली नव्हती. दुसरा कोणी हुरळून गेला असता. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

आणि झालंही तसंच. जावईबापूंनी मला टेबलावरून उचलून एका बुटक्या स्टुलावर ठेवलं, माझं तोंड वर केलं आणि मानेचा स्क्रू असा आवळला, की मला मान हलवता येईना. माझा वारा आता गिऱ्हाइकाला लागतच नव्हता. तो थेट काट्याच्या पसरट ताटलीखाली घुसत होता आणि तिला वर उचलत होता. गिऱ्हाईक दारात दिसलं, की जावईबापू आधी काटा शून्यावर आणत, मग मला लावत आणि "बसा, बसा" म्हणत झटक्यात दागिना ताटलीत टाकत. आकडा कमी येई. लोक बिचारे आकड्याकडे बघत. खाली स्टुलावर कोण बसलंय, हे कोण बघतो? मला ओरडून सांगावंसं वाटे. पण मला घरघरण्यापलीकडे काय येतं, आणि आता तर नकाराची मानही उरली नव्हती.

अशातच एका दुपारी मायलेकी आल्या. आईनं पर्स छातीशी धरली होती. आत येताच तिनं दार बघितलं, काटा बघितला, जावईबापूंच्या हाताची नखंसुद्धा बघितली. मला ती बाई एकदम आवडली.

लेकीनं पर्समधून चार बांगड्या काढल्या. तिचं लग्न मोडलं होतं. त्या बांगड्या तिला घालायच्या नव्हत्या आणि कपाटात ठेवायच्याही नव्हत्या. शिवणकामासाठी तिनं एक गाळा बघितला होता. संध्याकाळपर्यंत डिपॉझिट भरलं तर चावी तिच्या हातात, नाही तर गाळा दुसऱ्याला जाणार होता.

"आई, ही तिसरी पेढी," लेक कंटाळून म्हणाली. "आता इथे तरी शंका काढू नकोस."

"मी कुठं काय म्हणाले? बसलेय की गप्प."

जावईबापूंनी बांगड्या ताटलीत ठेवल्या. आकडा आला. त्यांनी भाव लावला, सोनं वितळवताना होणारी घट वजा केली आणि रक्कम सांगितली. लेकीचा चेहरा उतरला. डिपॉझिटला थोडेच कमी पडत होते, पण गाळ्याचा मालक थोडेही सोडणारा नव्हता.

"तो पंखा जरा बंद करता का?" आई म्हणाली. "मला थंडी वाजतेय."

बाहेर डांबर वितळत होतं.

"मावशी, त्याचं बटण बिघडलंय. एकदा लावला की बंदच होत नाही."

माझं बटण बिघडलंय! मित्रांनो, माझी पाती म्हातारी झाली असतील, पण बटण आजही नव्यासारखं आहे.

"दादा, मनावर घेऊ नका," लेक ओशाळून म्हणाली. "तिला सगळीकडे पाणी मुरताना दिसतं. द्या तुम्ही, जे होतील ते."

तिनं पैशांसाठी हात पुढे केला, आणि आईनं काट्यावरच्या बांगड्या उचलून घेतल्या. ताटली रिकामी झाली. आई आकड्याकडे बघत राहिली. रिकाम्या काट्यावर शून्य हवं. तिथे उणे आकडा होता.

"वा," आई शांतपणे म्हणाली. "वर काहीच नाही, तरी तुमचा काटा आमच्याकडून घेतोच आहे."

जावईबापूंनी काट्याला चापट मारली. मशीन तापलंय म्हणाले, व्होल्टेज कमी आहे म्हणाले. लेक आईकडे बघत होती आणि तिचा पुढे केलेला हात हळूच मागे गेला.

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. भिंत धरत, धापा टाकत काका बाहेर आले. ते वाकले आणि त्यांनी माझं बटण दाबलं. टक. माझी पाती थांबली. काट्यावर शून्य आलं.

"जावईबापू," काका म्हणाले, "तुम्ही रोज सांगता, आज इतकी गिऱ्हाइकं झाली. मी आत पडून ऐकत असतो. दार वाजतं, बोलणं ऐकू येतं. पण तोलायच्या वेळी पंखा थांबल्याचं मी एकदाही ऐकलं नाही. काल हे ध्यानात आलं, तेव्हापासून झोप नाही मला."

जावईबापूंची मान खाली गेली. काकांनी आईकडून बांगड्या घेऊन ताटलीत ठेवल्या. आकडा वाढला होता. डिपॉझिट भागत होतं.

"परत ठेवा," आई म्हणाली.

"आई," लेक म्हणाली, पण या वेळी तिच्या आवाजात कंटाळा नव्हता.

"ठेवतो," काका म्हणाले. "दहादा ठेवतो. तुमच्यासारखं गिऱ्हाईक मला हवंच आहे." आणि त्यांचे डोळे भरून आले.

ज्यांना ज्यांना कमी मिळालं होतं, त्यांच्या दारात जावईबापूंना स्वतः जाऊन पैसे द्यावे लागले. माझ्या मानेचा स्क्रू काकांनी आपल्या हातानं सैल केला. आता मी पुन्हा टेबलावर असतो आणि पोटभर नाही-नाही म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या घरात जुना पंखा असेल, तर त्याची जाळी पुसत जा, मोटरमध्ये दोन थेंब तेल सोडत जा. आणि कोणाचं काही तोलायचं असेल, तर आधी त्याला बंद करा. त्याला राग येईल म्हणून थांबू नका. मला यायचा, आता येत नाही.

गल्ल्यावर अजून जावईबापूच बसतात. माझा त्यांच्यावर विश्वास बसलेला नाही, बसेल असंही वाटत नाही. पण कोणी पर्स छातीशी धरून आत आलं आणि तोलायची वेळ झाली, की त्यांचं बोट माझ्याकडे येतं. टक. दुकान शांत होतं, आणि आतल्या खोलीत खाट करकरते. म्हातारा कूस बदलून झोपी जातो.