कष्ट आमचे, नाव पुडीचे

मी एक जुनी पेशी आहे. मित्रांनो, जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, तिथे माझे घर. नुसत्या डोळ्यांना मी दिसणार नाही, इतकी लहान. पण माझ्या पोटात एक अख्खा कारखाना आहे. त्या कारखान्याची गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ज्या मुलीच्या शरीरात मी जन्मले, तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. वडिलांचे सोफे शिवण्याचे दुकान होते आणि वरच्या दोन खोल्यांत घर. काथ्या, फोमचे तुकडे आणि खिळ्यांचे डबे ओलांडत ती दिवसभर भिरभिरत असे. त्या धावण्याला लागणारी साखर तिच्या स्नायूंपर्यंत पोहोचावी, म्हणून मी आणि माझ्या बहिणी राबत होतो.

आमचा माल म्हणजे इन्सुलिन. ते घडले की गॉल्गी नावाच्या आमच्या खात्यात जाई. तिथे इन्सुलिनची आणि इतर मालाची निवड होई: हे बाहेर पाठवायचे, हे घरातच ठेवायचे, हे बिघडलेले, मोडीत काढायचे. मग प्रत्येक माल पातळ पडद्याच्या इवल्याशा पिशवीत भरला जाई. या पिशवीला पुटिका म्हणतात. बारीक तंतूंवरून पुटिकांची ने-आण चाले आणि इन्सुलिनच्या पुटिका माझ्या भिंतीला लागून तयार उभ्या राहत. भिंगरी जेवली, रक्तात साखर वाढली, की त्या भिंतीशी एकजीव होऊन बाहेरच्या बाजूला उघडत. इन्सुलिनचा निरोप स्नायूंना मिळाला, की तिथल्या पुटिका साखर आत घेणारी दारे आतून आणून आपल्या पेशीच्या भिंतीत बसवीत. चुकीची पिशवी चुकीच्या जागी गेली तर अनर्थ! पण आम्ही चुकत नव्हतो.

चुकले ते रक्षक. रोगजंतूंशी लढणाऱ्या शरीराच्याच पांढऱ्या पेशी एके दिवशी आम्हाला शत्रू समजू लागल्या. का, ते मला आजही कळलेले नाही. कुंपणच शेत खाऊ लागले. शेजारच्या बहिणी एकेक करून गेल्या, भरलेल्या पुटिकांसकट.

रक्तात साखर साचली, पण स्नायू उपाशीच राहिले. साखर लघवीतून वाहून जाताना शरीरातले पाणीही घेऊन जाऊ लागली. भिंगरी बाटलीवर बाटली रिकामी करी, तरी तिची जीभ टाळूला चिकटे. आणि एका सकाळी तिचे अंथरूण ओले निघाले.

"एवढी घोडी झाली, लाज नाही वाटत?" तिची आत्या कडाडली. "दादा, संध्याकाळनंतर हिला पाणीच देऊ नकोस."

"आत्या, खरंच तहान लागते गं," भिंगरी म्हणाली.

"नाटकं नकोत," वडील म्हणाले आणि त्यांनी तिच्या उशाशी असलेला तांब्या उचलून नेला.

मित्रांनो, वाळत चाललेल्या लेकराच्या उशाचे पाणी नेले! तिच्या हाडांवर कातडे तेवढे उरले, तेव्हा कुठे शाळेत कवायतीच्या रांगेत ती कोसळली आणि दवाखाना गाठला गेला.

डॉक्टरबाईंनी नीट समजावले, "हिच्या शरीरात इन्सुलिन फार थोडं उरलंय. आता ते रोज सुईने द्यायचं. जन्मभर."

सुईने आमच्यावरचा भार हलका केला. आम्ही ज्या थोड्या उरलो होतो, त्यांना उसंत मिळाली. पुटिका पुन्हा भरू लागल्या. सुईतले औषध कमी कमी लागू लागले. भिंगरीचे गाल भरले. आमच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा काळ होता.

नेमक्या त्याच सुमारास आत्याने कुठल्याशा बाबाकडून जडीबुटीची हिरवट पुडी आणून भिंगरीला द्यायला सुरुवात केली होती.

"बघ, सुई उतरायला लागली की नाही?" आत्या म्हणाली.

डॉक्टरबाईंनी बजावले होते, की उरलेल्या पेशींनी जरा उचल खाल्ली आहे, हे फार दिवस टिकणार नाही, सुई थांबवू नका. पण दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वडील पुडीचा महिमा ऐकवू लागले. एकदा चारचौघांत बोलून बसल्यावर माघार घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी सुया कचऱ्यात टाकल्या.

"अहो, एकदा डॉक्टरांना विचारू तरी," आई म्हणाली.

"माझ्यापेक्षा तुला डॉक्टर जवळच्या? पोर माझी नाही का?"

आई स्वयंपाकघरात निघून गेली. या घरात तिचा शब्द कधीच चालला नव्हता.

सगळा भार पुन्हा आमच्यावर पडला. घाईत घडवलेला माल कच्चा राही, मोडीतच जास्त जाई. भिंतीला लागून उभी राहायला भरलेली पुटिकाच उरेना. थकलेल्या बहिणींना रक्षकांनी सहज टिपले. भिंगरीला पुन्हा तहान लागू लागली, पण या वेळी तिने कोणालाही सांगितले नाही. न्हाणीघरात जाऊन ती नळाला तोंड लावी.

ती दवाखान्यात पोहोचली तेव्हा तिचा श्वास धापेसारखा चालला होता. साखर वापरता येईना म्हणून शरीर चरबी जाळत सुटले होते, त्यामुळे रक्त आंबट झाले होते. डॉक्टरबाईंनी रागाने विचारले, "सुई कोणी बंद केली?"

वडिलांनी भिंगरीच्या खाटेकडे बोट दाखवले. "पोरीनेच कंटाळा केला," ते म्हणाले.

आई भिंगरीची चादर सारखी करू लागली. डोळे मिटून पडलेल्या भिंगरीने सारे ऐकले. मलाही कळले, कारण तिचे काळीज तेव्हा असे धडधडले की रक्ताचा लोंढा थेट माझ्या भिंतीवर आदळला.

ती वाचली. माझ्या बहुतेक बहिणी मात्र वाचल्या नाहीत. कदाचित त्या पुढेमागे गेल्याच असत्या. पण आणखी काही दिवस तिच्या सोबतीला राहिल्या असत्या, ते दिवस आमच्याकडून हिसकावून घेतले गेले.

आता भिंगरी मोठी झाली आहे. स्वतःची सुई स्वतः टोचून घेते. आत्या अजून म्हणते, "पुडी मध्येच सोडली, म्हणून बिघडलं." वडील मान डोलावतात. "कशी आहेस?" असे त्यांनी विचारले, की ती "बरी आहे" म्हणते. ताप असला तरी बरी, चक्कर आली तरी बरी. खरे काय ते त्यांना सांगणे तिने दवाखान्यातल्या त्या खाटेवरच सोडून दिले.

मी अजून आहे. दिवसाकाठी मूठभर पुटिका भरते, आणि त्यांनी फारसे काही भागत नाही.

मित्रांनो, कोणी तहान लागली म्हटले, तर आधी पाणी द्या आणि मग ती का लागली, ते शोधा. औषध बंद करा म्हणणारा कितीही जिवाभावाचा असो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऐकू नका. एवढे साधे शहाणपण यावे म्हणून आमच्या घरात एक मुलगी दोनदा मरणाच्या दारात जाऊन आली, आणि ज्यांनी शिकायचे, ते तरीही शिकले नाहीत.