फुलीची बाजू वर

दिवस १. ३० अंश. माझ्या पाळीव पालीची अंडी दोन. दोन्हींच्या माथ्यावर पेन्सिलीने फुली.
बाबा: "लोक पालीला झाडूनं हाकलतात, आमच्याकडे तिचं बाळंतपण!"

दिवस ४. ३०. पाल गेली. सात वर्षं माझ्या तळहातावर झोपायची. तिचं म्हणून जे उरलंय ते या डब्यात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, गरम पट्टीवर.

दिवस ५ ते १६. ३०, ३०, २९.५, ३०. मी दिवसभर ऑफिसात; आकडा बाहेरूनच बघते, डबा उघडत नाही. बाबा पुन्हा रोज दाढी करायला लागलेत, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. कशासाठी, ते विचारलं नाही.

दिवस १७. ३०. फुली

फुली नव्हती. डबा उघडला तर दोन्ही अंड्यांवर शून्य. गोल, सुबक, पेन्सिलीनेच.

"बाबा, हे काय?"

"तू फुली काढून अर्धंच काम सोडलंस की! सकाळी फुली वर, संध्याकाळी शून्य. म्हणजे वळवायचं चुकत नाही. कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात बत्तीस वर्षं काय माशा मारल्या मी?"

"रोज वळवलीत?"

"दोन्ही वेळा. एक दिवस खाडा नाही. तू नोकरीवाली, तुला कुठं जमणार?"

कोंबडीचं अंडं वळवावं लागतं. पालीचं वळवायचं नसतं. आतला जीव वरच्या बाजूला धरून वाढतो, उलटला की गुदमरतो. फुली त्यासाठीच होती, हलू नये म्हणून. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी एक वाक्य पुरलं असतं.

गॅलरीत जाऊन प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन.

"आहेत तशीच राहू द्या."

"पण कुठली बाजू वर?"

"आता काय सांगू तुम्हाला!"

मी आत आले. सांगायचंच, असं ठरवून आले होते. बाबा डब्याचं झाकण फडक्याने पुसत होते. हनुवटीवर ब्लेडची ताजी खूण.

"बाबा, उद्या अठरावा दिवस."

"अरे हो! केंद्रातही अठरापासून वळवणं बंद. शिकलीस की तू!"

दिवस २१. ३०. बाबा सकाळपासून कपाटासमोर खुर्ची टाकून. "कोंबडीचे एकवीस दिवस, यांचे दोन महिने असतात," मी म्हटलं. "असू दे. बसायला काय जातंय?"

दिवस ३३. ३०. एक अंडं पिवळं. खळगा पडलाय.

दिवस ३६. बाबांनी न हलवता बाजूने टॉर्च लावला. बघितलं. टॉर्च बंद केला.

"गेलं हे. शीर दिसत नाही."

मग तापमानाची नोंदवही मागून घेतली. आकड्यांवरून बोट फिरवत एकेक ओळ वाचली. ३०. ३०. २९.५. बोट सतराव्या दिवशी थांबलं.

"इथं अर्धंच लिहिलंयस."

"राहून गेलं."

"वीज गेली नाही, पट्टी बिघडली नाही. सगळं तर बरोबर आहे. मग चुकलं कुठं गं?"

मी डब्याकडे बघत राहिले. दुसरं अंडं अजून पांढरं होतं. वर शून्य.

"बरं, हे तरी नीट सांभाळू. सांग, मी काय करू?"

"काही नाही, बाबा."

"काहीतरी असेलच की."

"काहीच करायचं नाही."

ते खुर्चीत बसले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून गुडघ्यांवर ठेवले.

दिवस ३७. ३०. आज दाढी नाही.