थोडासा वळलेला बाळकृष्ण

बाळकृष्ण आज भिंतीकडं बघत होता.

परवा त्याचं तोंड समईकडं होतं, काल घंटेकडं. मनकर्णाबाईंनी मुद्दामच हात लावला नव्हता. संशयिताला सावध करायचं नसतं, हे त्या दारूबंदीच्या कामात शिकल्या होत्या. रांगता देव आहे, रांगत थोडा पुढं गेला असता तर त्यांनी समजूनही घेतलं असतं. पण हा जागच्या जागी फिरत होता, तेही जरा जरा. स्वयंपाकघरात मिठाची बरणी, तेलाची किटली आणि पाण्याचा तांब्या यांचंही तेच चाललं होतं. चहाच्या डब्यावरचा मोर तर पाठ करून बसला होता.

"करणी हाय," शेजारच्या शकुंतलाबाई म्हणाल्या.

"कोणी केली असंल?"

"मी न्हाई."

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शकुंतलाबाई गावच्या दारूबंदी समितीच्या उपाध्यक्ष होत्या आणि मनकर्णाबाई अध्यक्ष. उपाध्यक्षाला अध्यक्षाच्या घरात जितका रस असतो, तितका देवालाही नसतो.

"भाऊजीवर लक्ष ठेवा," शकुंतलाबाई जाता जाता म्हणाल्या. "माणूस उगं गप न्हाई राहत."

मनकर्णाबाईंचे मालक मुंजाजी मात्र उगंच गप्प राहत. लग्नानंतर ते नाशिककडं एका कंपनीत कामाला गेले, तेव्हा केस काळे होते. परत आले तेव्हा पांढरे. कंपनी कशाची, असं कुणी विचारलं तर म्हणत, "द्राक्षाचा रस." काम काय, तर "बाटल्या फिरवायच्या." पुढं कुणी काही विचारत नसे, कारण त्यात विचारण्यासारखं काही दिसत नसे. सणावाराला येत, जात. एकदा मशीन आलं आणि कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं.

घरी आल्यावर त्यांनी हळद ठेवायच्या खोलीला कुलूप लावलं. पुढच्या आठवड्यात न्हाणीचं दार गायब झालं.

"वाळवी लागली व्हती," मुंजाजी म्हणाले.

"कालपर्यंत तर चांगलं व्हतं."

"वाळवीला टाइम लागत न्हाई."

तेव्हापासून न्हाणीला जुनं लुगडं लावलेलं होतं आणि मनकर्णाबाई आंघोळीला बसल्या की मोठ्यानं खोकत. त्यानंतर मुंजाजी वसमतच्या बाजारातून द्राक्षांचे खोके घेऊन आले. देवाला म्हणाले. इतकी द्राक्षं खाणारा देव त्यांच्या देवघरात नव्हता. आणि आता तर ते सिद्धेश्वरच्या धरणावरून मासे घेऊन येणाऱ्या वसरामकडून बर्फ आणू लागले होते. गळ्यात तुळशीची माळ आणि डोक्यावर मासळीचा वास मारणारी पेटी, अशा अवस्थेत त्यांना साऱ्या गल्लीनं पाहिलं. शकुंतलाबाईंनी ते पाहून दार लावून घेतलं आणि फटीतून पुन्हा पाहिलं.

मग ओसरीवर समितीची बैठक चालू असताना कुलपाच्या खोलीत धडाका झाला.

सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या. एकीनं कान झाकले आणि एकीनं, सवयीनं, पर्स झाकली. मुंजाजी खोलीतून बाहेर आले. सदरा ओला होता.

"टायर फुटला," ते म्हणाले.

"कशाचा?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

मुंजाजींनी थोडा विचार केला. "सायकलचा."

"सायकल तर तुमी लेकीच्या, पुनमच्या पोराला देली. ती औंढ्याला हाय."

"म्हणून तर आवाज असा लांबून आला."

संध्याकाळपर्यंत गावात दोन मतं तयार झाली. मुंजाजी विहिरी फोडायचं जिलेटीन साठवून राहिले, हे एक. दुसरं, त्यांना गुप्तधन सापडलं आणि ते सुरुंग लावून काढून राहिले. पोलीस पाटील उत्तमराव येऊन ओसरीवर चहा प्यायले.

"मुंजाजी, घरात काही स्फोटक?"

"आता तर न्हाई."

"म्हंजी आधी व्हतं?"

"आधी बी म्हणलं तर न्हाई."

उत्तमराव समाधान झाल्यासारखं दाखवून गेले. आश्चर्य म्हणजे मुंजाजींनी जिलेटीनची बातमी खोडून काढली नाही. पारावर कुणी विचारलं तर ते नुसते हसत. मनकर्णाबाई रात्रभर त्या हसण्याचा विचार करत पडल्या. बॉम्बची बोलवा ज्याला सोयीची वाटते, त्या माणसाकडं बॉम्बपेक्षा वाईट काय असेल?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतलाबाई पदराखाली घेऊन आल्या. खोलीच्या मोरीतून ते बाहेर वाहत आलं होतं. बाटलीचं बूड. हिरवी, जाड काच, आणि मधोमध आत गेलेला खोल खळगा, लिंबू बसेल एवढा.

"अध्यक्षीणबाई, वळखू येते का?"

साऱ्या गावाला ओळखू आली असती. दारूचं दुकान बंद करायचं मतदान झालं, तेव्हा कागदावर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मनकर्णाबाई घरोघर हिंडल्या होत्या. सुट्टीवर आलेल्या मुंजाजींनी बायकोसाठी भिंतीभिंतीवर आडवी बाटली रंगवली होती, आणि नमुना म्हणून समोर ठेवली होती कंपनीतून आणलेली, रसाची रिकामी बाटली. उतरते खांदे, बुडाला खळगा. अशी बाटली गावात कुणी पाहिली नव्हती. पिणारे बिचारे भिंतीसमोर उभे राहून विचारत, "ही कोणती म्हणावं? उभी केली तर भेटंल काय?" पण आडवी बाटली जिंकली. मनकर्णाबाईंनी भाषणात सांगितलं होतं, माझा भाऊ दारूनं गेला, आणि माझ्या मालकानं आयुष्यात थेंबाला हात लावला नाही. टाळ्या पडल्या होत्या.

मनकर्णाबाईंनी ते बूड हातात घेतलं, हुंगलं आणि परत दिलं.

"उद्या सकाळी सगळ्या या," त्या म्हणाल्या. "खोली उघडून दाखवते."

"आज काहून न्हाई?"

"आज मला बघायची हाय."

दुपारी त्यांनी मुंजाजींपुढं हात पसरला. मुंजाजींनी करगोट्याची किल्ली सोडून दिली. एवढं सोपं असेल असं मनकर्णाबाईंना वाटलं नव्हतं. महिनाभर संशय घेतला तो वाया गेल्यासारखा वाटला.

खोलीत पहिल्यांदा त्यांना न्हाणीचं दार दिसलं. वाळवी नव्हती. भिंतीला तिरपं टेकवून त्याला रांगेनं भोकं पाडली होती, आणि प्रत्येक भोकात एक हिरवी बाटली मान खाली घालून अडकवली होती. जणू सगळ्यांनी काहीतरी केलं होतं आणि सगळ्यांना त्याची लाज वाटत होती. कोपऱ्यात वसरामचा बर्फ आणि खड्याचं मीठ.

"हे काय हाय?"

"रस," मुंजाजी म्हणाले.

"रस न्हाई हे."

"रसच व्हता. मंग पुढं गेला."

"कंपनीत बी असाच पुढं जात व्हता का?"

बोलायचं नसलं की मुंजाजींचा हात चाले. तो दाराकडं गेला, बूड धरून एक बाटली त्यानं जराशी फिरवली. खट्. मग शेजारची. खट्. मनकर्णाबाई त्या मनगटाकडं बघत राहिल्या. मिठाची बरणी. चहाच्या डब्यावरचा मोर.

"म्हंजी पुनमची शाळा," त्या हळू म्हणाल्या. "घरावरचे पत्रे. हे माह्या पायातले जोडवे."

"व्हय."

"अन् मी गावभर टाळ्या घेत हिंडले. मालकानं थेंब घेतला न्हाई म्हणून."

"ते खरं हाय."

"काय खरं?"

"थेंब न्हाई घेतला. गेटवर तोंडाचा वास घ्यायचे. लावला असता तर दुसऱ्या दिशी घरी." खट्. "पाव्हणे यायचे. उंच गिलासात ओतायचे. आमी जाळीतून बघायचो. बुडबुडे खालून वर, खालून वर, थांबायचंच नाव न्हाई. पाव्हणे डोळे मिटायचे. मला वाटायचं, डोळे मिटण्यासारखं काय असंल त्याच्यात? बाटली रोज जरा जरा फिरवून गाळ मानेत आणायचं काम माहं. गाळ तेवढा माह्या वळखीचा."

"मंग मशीन आलं."

"मोठा पिंजरा हाय. शेकड्यानं एकदम फिरवते. चुकत बी न्हाई." हे त्यांनी कौतुकानं सांगितलं.

"म्हणून तुमी देव फिरवून राहिले व्हय?"

"कोणता देव?"

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. टायरच्या वेळी त्यांचं खोटं त्यांनी पाहिलं होतं, ते फार वाईट दर्जाचं होतं. मुंजाजी आता स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होते, शेजाऱ्याचं कुत्रं आपल्या घरात सापडावं तसं.

"वता हे सगळं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "उकिरड्यावर."

"असं न्हाई वतता येत. गाळ काढाव लागते."

"उकिरड्यावरच वतायचं हाय. गाळ काढून काय करता?"

मुंजाजींनी घमेल्यात बर्फ फोडला, मीठ घातलं आणि बाटल्यांच्या माना त्यात रोवल्या. मनकर्णाबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग हळदीच्या पोत्यावर बसल्या. मानेतला गाळ गोठला की मुंजाजी बाटली मांडीवर तिरपी धरत, बूच उडवत, फट् आवाज होऊन गाळाचा खडा भिंतीवर जाऊन आपटे, आणि ते अंगठ्यानं तोंड दाबून बाटली उजेडाकडं धरत. एक कण नसे. मग ती परसात नेऊन शेणावर ओतत. गावात आजवर कुणाच्या उकिरड्याला इतकं निवळ काही मिळालं नव्हतं. कोंबड्या जमल्या. बुडबुडे बघून मागं सरल्या, पुन्हा पुढं आल्या.

शेवटची बाटली घेऊन मुंजाजी परसाकडं निघाले.

"थांबा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्यांनी घरातून फुलपात्र आणून पोत्यावर ठेवलं. मग दाराशी जाऊन देवघराकडं पाहिलं.

"आज बरं हाय," त्या म्हणाल्या. "देव भिंतीकडं बघून राहिला."

आणि ओसरीवर जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसल्या. समोरच्या घराची फट उघडली, तेव्हा त्यांनी फटीकडं एकटक पाहिलं. फट बंद झाली.

बऱ्याच वेळानं मुंजाजी येऊन शेजारी बसले. फुलपात्र घासून आणलं होतं.

"कसं व्हतं?"

"आंबट."

"इतकंच?"

मुंजाजींनी आठवून पाहिलं. "नाकात जाते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समिती आली. खोलीत रिकामं दार होतं. शकुंतलाबाईंनी भोकांत एकेक बोट घालून पाहिलं. भोकं कबुतरांसाठी पाडली म्हणून सांगता आलं असतं, बाया विश्वास ठेवायला तयारही होत्या. पण मनकर्णाबाई म्हणाल्या, "बाटल्या व्हत्या. दारूच्या. माह्या घरात. काल वतल्या." आणि ज्या घरात दारू सापडेल, त्या घराच्या भिंतीवर आडवी बाटली रंगवायची हा नियम त्यांनीच केला होता, म्हणून त्यांनीच त्याची आठवण करून दिली. अध्यक्षपद ओसरीवरच शकुंतलाबाईंकडं गेलं. इतकी वर्षं ज्याच्यावर नजर ठेवली ते असं अचानक हातात आल्यावर ते कुठं ठेवावं, हे त्यांना समजेना. त्या चहाला थांबल्या नाहीत.

गावात बाटली रंगवणारा माणूस एकच होता. मुंजाजींनी डबा घेतला, ब्रश घेतला आणि आपल्याच घराच्या भिंतीवर रस्त्याच्या बाजूनं बाटली काढायला बसले. उतरते खांदे काढले. बुडाचा खळगा काढला.

"रंग बराबर लावा, भाऊजी," शकुंतलाबाई लांबूनच म्हणाल्या. "उन्हानं उडतो." मग आणखी हळू म्हणाल्या, "लहान काढली तरी चालतंय."

मुंजाजींनी मोठीच काढली.

न्हाणीचं दार परत बसलं. भोकांत त्यांनी लाकडाचे गट्टू ठोकले. मिठाची बरणी आता ठेवली तिथंच राहते. चहाच्या डब्यावरचा मोर रोज समोर बघतो. मुंजाजी ओसरीवर बसतात, हात मांडीवर ठेवून, कुणाचं तरी सामान सांभाळायला घेतल्यासारखे.

बाळकृष्णही वळायचा थांबला. मनकर्णाबाई रोज सकाळी फुलं घेऊन गेल्या की आधी तेच बघत. सरळ. दुसऱ्या दिवशी सरळ. आठवडा गेला, पोळा आला आणि गेला, तो सरळच.

एके दिवशी पूजा झाल्यावर त्या उठल्या नाहीत. मुंजाजी बाहेर आहेत याची त्यांनी खात्री करून घेतली. मग दोन बोटांनी बाळकृष्णाला धरलं, आणि भिंतीकडं जरासा वळवून ठेवला.