फौजदाराचं काम

पहिल्यांदाच व्यालेल्या मेंढीने कोकराला तिसऱ्यांदा ढुशी मारली, तेव्हा सुनेने हातातली बाटली फळीवर ठेवली आणि बाह्या वर सारल्या.

"बाबा, हिला धरा. मी कोकराला कासेला लावते."

"आज लावशील, उद्या लावशील. पुढे काय?" म्हातारा म्हणाला. "तिने त्याला आपलं म्हणायला हवं. फौजदाराला आण."

फौजदार म्हणजे घरचा कुत्रा. नावाचा दरारा मोठा, पण तोंडात दात उरलेले चार. तरी मेंढी पिलाला जवळ करीनाशी झाली, की फौजदाराला गोठ्यातल्या तिच्या कप्प्याबाहेर बांधायचं ही या घरची जुनी रीत. कुत्रा दिसला की मेंढी आधी पिलाच्या पुढे उभी राहते, पाय आपटते. मग पिलाला झिडकारायचं तिच्या लक्षातच राहत नाही.

सुनेने फौजदाराला आणलं. म्हाताऱ्याने दोरीला गाठ मारली. फौजदाराने मेंढीकडे पाहिलं, जांभई दिली आणि पेंढ्यावर अंगाचं मुटकुळं करून तो झोपला.

"फौजदारसाहेब रजेवर आहेत," सून म्हणाली. "आणि तुमची कानटोपी कुठे आहे? बाहेर बादलीतलं पाणी गोठलंय."

म्हाताऱ्याने खिशातून टोपी काढून मुकाट्याने घातली. तीन वर्षांपूर्वी मुलगा गेला, त्या हिवाळ्यात तिने ती विणली होती. तेव्हापासून ती त्याला रोज असंच दटावत होती, आणि त्याला ते फार आवडायचं. म्हणूनच परवा तिच्या भावाला फोन करताना त्याचा जीव तुटला होता. तिला घेऊन जा, तो म्हणाला होता, शहरात काम बघ, तिचं अजून सगळं आयुष्य पडलंय. आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता आणि तिला सांगायचं धाडस मात्र झालं नव्हतं. भाऊ आठवड्याने येईल, तोवर सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. फौजदार दचकून उठला आणि कित्येक महिन्यांत भुंकला नव्हता इतक्या जोराने भुंकला. मेंढी गर्रकन वळली, कोकराला मागे घालून उभी राहिली आणि तिने खूर आपटला.

दारात भाऊ आला, ठरल्यापेक्षा कितीतरी आधी. चकचकीत बूट, नाकाला रुमाल.

"बॅग भर," तो बहिणीला म्हणाला. "काकांनीच बोलावलंय मला."

तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो दोरीची गाठ तपासत बसला होता.

"खरं आहे, बाबा?"

"तुझ्या भल्यासाठीच, पोरी."

"काकांचंही काही वाईट होणार नाही," भाऊ समजुतीने म्हणाला. "मेंढ्या विकून टाकू. त्यांच्यासाठी एक आश्रम बघून ठेवलाय. हात थरथरतात त्यांचे, बाटलीसुद्धा धरवत नाही. अशा माणसाने एकट्याने—"

सून मधे येऊन उभी राहिली. आता म्हाताऱ्याला भाऊ दिसत नव्हता; दिसत होती फक्त तिची पाठ आणि स्वेटरला चिकटलेला पेंढा.

"त्यांना काही बोलायचं नाही, दादा." तिचा रबरी बूट फरशीवर आपटला. "बाटली मी धरते. नऊ मेंढ्या व्यायच्यात अजून. पाहुणा म्हणून आलास तर चहा टाकते. न्यायला आला असशील तर गाडी वळवून घे."

कप्प्यातून चुटूचुटू आवाज येत होता. कोकरू गुडघे टेकून पीत होतं, शेपूट हलवत होतं, आणि मेंढी त्याला हुंगत होती.

सुनेने वळून पाहिलं. ती हसली नाही, पण तिचा आवाज निवळला.

"बाबा, फौजदाराला सोडा आता. झालं त्याचं काम."

"सोडतो," म्हातारा म्हणाला. पण त्याची बोटं नुसतीच दोरीवर फिरत राहिली. डोळे भरून आल्याने त्याला गाठ दिसत नव्हती. शेवटी भावाने रुमाल खिशात घातला, चकचकीत बुटांनिशी लेंड्यांत उकिडवा बसला आणि गाठ सोडवू लागला.