बुंदी आणि भरलेली बादली

माझी लेक श्रेया कॉलेजसाठी पुण्याला गेली, तिचं बस्तान बसवून द्यायला बायको लीनाही गेली, आणि इथे आखातात, झिंजच्या फ्लॅटमध्ये मी आणि बुंदी उरलो. बुंदी म्हणजे माझ्या लेकीचा शुगर ग्लायडर. खारीपेक्षा लहान, डोळे मात्र भोकरासारखे. पडद्याच्या दांडीवरून उडी मारली की पायांमधली कातडी पसरून सोफ्यापर्यंत तरंगत येतो. दिवसभर झोपतो आणि मी ऑफिसातून आलो की उठतो.

श्रेया रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. मला नाही, बुंदीला. फोन धरायचा, एवढंच माझं काम. पण त्या निमित्ताने तिचा आवाज घरात यायचा, म्हणून बुंदीला काही होऊ नये यासाठी मी जिवाचं रान केलं. फ्रिजमागची फट पुठ्ठ्याने बुजवली. एक्झॉस्टला जाळी ठोकली. कमोडचं झाकण पाडायला शिकलो, जे लीनाला सगळ्या संसारात शिकवता आलं नव्हतं. देवापुढे निरांजनाऐवजी बॅटरीचा दिवा ठेवला. देवाने समजून घेतलं, लीनाने नाही.

ज्यांच्याकडून बुंदी आणला त्या सनद भागातल्या मेहरीनबाईंकडे अजून दोन ग्लायडर होते. त्या म्हणाल्या होत्या, "भाईसाब, ये अकेला नहीं रह पाएगा. हमें दे दीजिए." मला रागच आला. अकेला कसा, मी काय मेलोय?

उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून कढतच येतं. म्हणून सकाळच्या आंघोळीची बादली संध्याकाळीच भरून निवत ठेवायची. ही सवय इतकी अंगात मुरलेली की सगळं घर तपासताना ती बादली मला दिसलीच नाही. त्या दिवशी बादली भरून मी चहा टाकला आणि बाथरूममधून खरखर ऐकू आली. बुंदी तरंगत्या मगाच्या दांड्याला चिकटून होता, मानेपर्यंत पाण्यात.

टॉवेलने पुसून त्याला बनियनच्या आत छातीशी धरलं. तो थरथरत होता. दिवसभर या रिकाम्या घरात मी त्याला कोंडला होता, तो फक्त श्रेयाचा कॉल यावा म्हणून. मला स्वतःची लाज वाटली.

श्रेयाचा कॉल आला तेव्हा सगळं सांगून टाकलं. "तो बरा आहे. पण त्याला त्याच्या जातीची सोबत पाहिजे. मेहरीनबाईंकडे देऊ या."

तिने डोळे पुसले. "ओके बाबा. इट्स बेटर फॉर हिम." मग म्हणाली, "आंटीचा नंबर पाठव ना. आता आय विल कॉल हर."

मी नंबर पाठवला.

शुक्रवारी बुंदीला सनदला सोडलं. तो त्या दोन ग्लायडरच्या झोपायच्या झोळीत शिरला आणि परत बाहेर आला नाही. घरी येऊन मी बादली काठोकाठ भरली, बाथरूमचं दार उघडंच ठेवलं, आणि कॉलच्या वेळेला सवयीने फोन हातात धरून बसलो.