वाचनकोपऱ्यातला हिरवा सोफा

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. एके काळी मी गडद हिरवा होतो. आता माझा नेमका रंग कोणता, यावर मुलांचे वाद होतात. कुणी शेवाळी म्हणते, कुणी सरळ मळकट. मी मात्र स्वतःला अजून हिरवाच समजतो. एका शाळेच्या ग्रंथालयात, खिडकीखालच्या कोपऱ्यात माझा मुक्काम आहे.

माझा जन्म एका नवरा-बायकोच्या छोट्याशा कारखान्यात झाला. त्याने माझा लाकडी सांगाडा ठोकला, तिने माझे कापड शिवले. मी तयार झालो तेव्हा दोघे शेजारी शेजारी माझ्यावर बसले. "अहो, यावर बसलं की उठावंसंच वाटत नाही," ती म्हणाली. ते ऐकून मी मनातल्या मनात चांगलाच फुगलो.

पण मला विकत घेतले ते दातांच्या डॉक्टरांनी! त्यांच्या दवाखान्यात माझ्यावर बसणारा प्रत्येक जण उठून पळायच्या बेतात असे. गालावर हात ठेवून लोक जेमतेम टेकत. आतून यंत्राची घरघर आली की माझी कड गच्च धरत. इतक्या वर्षांत कुणी निवांत पाठ टेकली नाही. वाईट वाटायचे, पण घाबरलेला माणूस कसा बसतो हे मला तिथेच कळले.

डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीने मला मागून घेतले. ती शाळेत ग्रंथपाल होती. मुले तिला नुसते 'बाई' म्हणत. मला टेम्पोतून उतरवले, तेव्हा मुख्याध्यापक ग्रंथालयाच्या दारातच उभे होते.

"ग्रंथालयात सोफा? अहो, मुलं झोपतील यावर!"

"झोपू देत, सर. पुस्तक छातीवर ठेवून झोपलेलं मूल मला चालेल," बाई म्हणाल्या.

सर कपाळाला आठ्या घालून निघून गेले, आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. मधल्या सुट्टीत मुले माझ्यावर दाटीवाटीने बसत. कुणी पाय वर, डोके खाली करून वाचे. कुणी भुताची गोष्ट वाचता वाचता शेजाऱ्याचा दंड घट्ट धरे. माझ्या एका कोपऱ्यावर सरबत सांडले, एक स्प्रिंग कुरकुरू लागली. पण तक्रार कशाची करू? मुले पाठ टेकून बसत होती!

त्यातच एक मुलगी आली. ती वरच्या वर्गात होती. सतत पहिला नंबर, म्हणून तिचे नावच 'पहिली' पडले होते. त्या दुपारी तिच्या वर्गात चाचणी चालू होती आणि ती मात्र इथे येऊन माझ्या अगदी कडेवर टेकली. माझी कड तिने अशी धरली, की मी लगेच ओळखले. हिचे दात दुखत नव्हते, दुसरेच काहीतरी दुखत होते.

बाईंनी 'वर्ग सोडून इथे कशी?' असे विचारले नाही. त्यांनी तिला पाणी दिले आणि शेजारी बसल्या.

"बाई, मला काही आठवतच नाहीये," ती कशीबशी म्हणाली. "पेपर बघितला आणि सगळं कोरं झालं. रात्री झोप येत नाही. जेवण जात नाही. घरी सांगायची भीती वाटते."

"मला सांगितलंस ना, बरं केलंस. शाळेत समुपदेशक मॅडम आहेत. त्यांच्याकडे जाऊ या. मी येते सोबत."

दोघी गेल्या. परत आल्या तेव्हा बाईंनी कपाटातून एक जाडसर पुस्तक काढले. एका विसरभोळ्या आत्याच्या फजितीच्या गोष्टी होत्या त्यात.

"हे परीक्षेला आहे?" तिने विचारले.

"नाही. म्हणून तर देतेय."

त्यानंतर ती रोज येऊ लागली. आठवड्यातून एकदा समुपदेशक मॅडमकडे, बाकी दिवस माझ्याकडे. सुरुवातीला ती एकच पान पुन्हा पुन्हा वाचे. मग हळूहळू पाने उलटू लागली. एके दिवशी नकळत तिची पाठ मला टेकली. त्या दिवशी मला काय वाटले, ते शब्दांत सांगता येणार नाही.

आणि मग तिची आई आली. शिवणकामातून तशीच उठून आलेली, गळ्यात मोजमापाची टेप.

"बाई, परीक्षा तोंडावर आलीय आणि तुम्ही पोरीला विनोदी पुस्तकं देता? तिचं वर्ष वाया गेलं म्हणजे?"

बाई काही बोलणार, इतक्यात माझ्या बाजूने खळखळून हसण्याचा आवाज आला. पुस्तकातल्या आत्याने चष्मा म्हणून चहाची गाळणी नाकावर चढवली होती, आणि पहिली पोट धरून हसत होती. आई आल्याचे तिला ठाऊकही नव्हते.

आई जागच्या जागी थांबली. तिचा आवाज एकदम उतरला.

"ही... ही हसतेय?" ती म्हणाली. "घरात हिचं हसू ऐकून किती दिवस झाले हो. मला वाटायचं, मोठी झाली, म्हणून गप्प असते."

ती हळूच माझ्यावर, लेकीशेजारी येऊन बसली. पहिली दचकली, पुस्तक लपवू लागली. आईने तिचा हात धरला. "लपवू नकोस गं. मलाही वाचून दाखव ना."

मायलेकींनी ते पान एकत्र वाचले. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होते. हसून की कशाने, मी विचारले नाही.

वार्षिक परीक्षेत 'पहिली' पहिली आली नाही. पण ती पोटभर जेवू लागली होती, शांत झोपू लागली होती. निकालाच्या दिवशी ती आईसोबत पेढे वाटायला नाही, तर सुट्टीसाठी पुस्तके न्यायला आली. हे सारे पाहून मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला एक मोकळा वाचनतास दिला. त्या तासाला प्रश्न नाहीत, गुण नाहीत. मधूनच सरही येतात, माझ्या टोकाला बसतात आणि घंटा झालेली त्यांना ऐकू येत नाही. तेव्हा मुले एकमेकांना कोपरखळ्या मारतात.

मी आता थकलो आहे, पण तृप्त आहे. ज्या हातांनी मला घडवले, ज्या बाईंनी मला इथे आणले, ज्या मुलांनी माझ्यावर लोळून मला झिजवले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला पेनाने टोचू नका, पुस्तकांची पाने फाडू नका. ग्रंथालयात नुसते अभ्यासाला नाही, सहजसुद्धा येत जा. आणि तुम्ही वाचत असताना कुणी गुपचूप येऊन उभे राहिले, तर त्याला काही विचारू नका. फक्त जरा सरका. माझ्यावर अजून एकाची जागा नेहमीच असते.